शस्त्रक्रियेनंतरचे शरीर आणि वैधव्याची भाषा : खानदेशातील स्त्रीगीते व बहिणाबाईंची कविता यांच्या संदर्भात

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी जी प्रतिमा उरते, तिचा विचार आजवर मुख्यतः वैद्यकशास्त्राने आणि मानसशास्त्राने केला आहे. मराठीच्या अभ्यासकाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न सकृद्दर्शनी पडणे स्वाभाविक आहे. परंतु शरीरप्रतिमा म्हणजे आरशात दिसणारी आकृती एवढाच अर्थ घेऊन चालत नाही. पॉल शिल्डर याने १९३५ मध्ये या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली, तेव्हाच शरीराचे मनातील चित्र हे सामाजिकही असते, हे त्याने आग्रहाने सांगितले होते. जे चित्र चारचौघांत घडते ते भाषेवाचून घडू शकत नाही. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखादी स्त्री शस्त्रक्रिया होऊन गावी परतते, तेव्हा तिच्या बदललेल्या शरीराविषयी बोलण्यासाठी तिच्यापाशी आणि तिच्याभोवतीच्या बायकांपाशी कोणती भाषा तयार असते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बदललेल्या स्त्रीदेहाविषयीची एकच भाषा मराठी परंपरेने सिद्ध करून ठेवली आहे, आणि ती वैधव्याची आहे. नवरा हयात असलेल्या, उपचारांनी बऱ्या झालेल्या स्त्रीलाही नकळत तीच भाषा लावली जाते. तिला मिळणारा आधार आणि तिच्या वाट्याला येणारी माघार या दोहोंचे स्वरूप तीवरून ठरते, असे येथे सुचवावयाचे आहे. ही भाषा आतून मोडण्याचे काम याच भूमीतील एका विधवेने सुमारे शंभर वर्षांपूर्वी केले होते. त्याकडे लेखाच्या उत्तरार्धात वळावयाचे आहे. खानदेश हा शब्द येथे सोयीसाठी वापरला असला, तरी अहिराणी बोलणारा पश्चिमेकडील मुलूख, लेवा गणबोलीचा यावल-रावेर-जळगावचा पट्टा आणि सातपुड्यातील आदिवासी बोली यांचे स्त्रीजीवन एकसारखे नाही, हे विसरून चालणार नाही.

१

आरंभ शब्दांपासून करणे इष्ट होईल. प्रमाण मराठीत स्तन हा शब्द आहे; परंतु तो पुस्तकात, दवाखान्यात आणि सरकारी फलकावर राहतो. घरात तो उच्चारला जात नाही. घरातली बाई मूल 'अंगावर' पाजते, आईचे दूध हे 'अंगावरचे' दूध असते, आणि तान्हे मूल 'अंगावर' पिणारे असते. एका अवयवासाठी सबंध देहाचा वाचक असलेला शब्द वापरण्याची ही रीत शिष्टाचारातून आली असेल. पण तिचा परिणाम दूरवर जातो. ज्या भाषेत स्तन म्हणजे अंग, त्या भाषेत स्तन जाणे म्हणजे अंगच जाणे होय. थान हा तद्भव शब्द बोलींत टिकून आहे. पण तो गाईम्हशींच्या संदर्भात अधिक मोकळेपणाने वापरला जातो, आणि बाईच्या बाबतीत वापरला की शिवीच्या जवळ जातो. छाती हा शब्द त्या मानाने सभ्य. परंतु छाती करणे, छाती ठोकून सांगणे या वाक्प्रचारांनी तो पुरुषाच्या धैर्याकडे ओढून नेला आहे.

दुसरा शब्द गाठ. स्तनातील गाठ हे या रोगाचे बहुधा पहिले लक्षण, आणि ते प्रारंभी बहुतेक वेळा दुखत नाही. मराठीत गाठ ही लग्नाची असते, पदराची असते, चोळीची असते; गाठ पडणे म्हणजे भेट होणे. इतक्या मंगल अर्थांच्या शब्दात भयाचा अर्थ सहजी शिरत नाही. 'गाठ आहे, दुखत नाही' असे सांगणारी बाई निष्काळजी असते असे नव्हे. तिच्या भाषेत दुखण्याला आजार म्हणतात, आणि जे दुखत नाही त्याला नाव नाही.

याचा व्यवहारातील परिणाम किती गंभीर आहे ते पाहण्याजोगे आहे. जागतिक पातळीवरील २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या वर्षी भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय स्त्रियांतील कर्करोगांत त्याचा क्रमांक पहिला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसून आला नाही. महागड्या यंत्रावाचून, केवळ शिकवून तयार केलेल्या बाईच्या हाताने हे साधले. आता खेडोपाडी आशा कार्यकर्तीच्या हाती तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जी प्रश्नावली असते, तीतही स्तनातील गाठ, आकारातील बदल आणि बोंडातून येणारा रक्तमिश्रित स्राव यांविषयी प्रश्न असतात. हे प्रश्न ओसरीवर, सासू व दीर यांच्या देखत विचारले जातात तेव्हा उत्तर काय येणार, हे सांगावयास नको. (बोंड हा शब्द कापसाच्या या मुलखात दिवसातून शंभर वेळा तोंडी येतो, पण तो कपाशीच्या झाडाचा म्हणून.) प्रश्न चुकीचा नसतो, तो ज्या शब्दांत विचारला जातो ते शब्द त्या ओसरीवर चालत नाहीत.

२

मराठी वाङ्मयात स्तनाचे दर्शन दोन मार्गांनी झाले आहे. पंडित कवींची आख्यानकाव्ये आणि शाहिरांच्या लावण्या यांत तो शृंगाराचा विषय आहे. तेथे पाहणारा पुरुष आहे. संतकवितेत तो वात्सल्याचा आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत पान्हा ही एक मध्यवर्ती प्रतिमाच होऊन बसली, आणि तेथे पिणारे मूल बोलते. पाहणारा आणि पिणारा यांच्या बाजूने एवढे काव्य निर्माण झाले. जिचा तो अवयव, तिच्या बाजूने फारच थोडे. दोन्ही मार्गांत स्तन हा दुसऱ्यासाठी असतो. तो गेला की बाई दुसऱ्याच्या उपयोगातून गेली, हा निष्कर्ष कोणी शब्दांत मांडला नाही. पण मांडण्याची आवश्यकताही उरली नव्हती.

स्त्रीगीतांत मात्र आणखी एक वाट आहे, आणि ती चोळीची आहे. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ बहिणीला चोळी घेतो, ती कोणत्या काठाची, कोणत्या बाजारातली, शिंप्याने कशी शिवली, याची वर्णने विपुल येतात. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये संकलित केलेल्या ओव्यांत, तसेच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात या विषयाचा विस्तार पाहता येतो. चोळी हे माहेरच्या मायेचे माप आहे. सासरी नांदणाऱ्या बहिणीला भाऊ विसरलेला नाही याचा तो पुरावा असतो. ओटी भरताना खण लागतो तो चोळीचाच. म्हणजे स्त्रीगीतात ज्याचे नाव घेता येत नाही त्या अवयवाविषयी चोळीच्या आडून बोलले जाते, आणि ते बोलणे शृंगाराचे नसते. आपण कोणाच्या तरी आहोत, हे सांगणारे असते.

शस्त्रक्रियेनंतर पहिली अडचण नेमकी येथेच येते. जुनी पुढे गाठ मारावयाची चोळी जाऊन पोलके, झंपर, ब्लाउज आले. ते मापाचे असतात, आणि माप दोन्ही बाजूंना सारखे धरलेले असते. एक बाजू सपाट झालेल्या स्त्रीला शिंप्यापुढे उभे राहणे हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजण्याहून अवघड वाटू शकते. कापूस, जुन्या लुगड्याच्या चिंध्या किंवा फडक्यात बांधलेली एखादी पुरचुंडी आत बसवून बायका वेळ मारून नेतात. पण कापसाला वजन नसते. तो वर सरकतो, मान आणि खांदा एका बाजूला ओढले जातात. सिलिकोनचे कृत्रिम स्तन बाजारात मिळतात, विणलेलेही मिळतात. परंतु ते मागण्यासाठी पुन्हा तोच शब्द तोंडातून काढावा लागतो. भाऊबीजेला भावाने आणलेला तयार झंपर न घालता पेटीत ठेवून देणारी बहीण भावावर रागावलेली नसते. ओवीच्या भाषेत मात्र याचा अर्थ रुसवा असाच होतो.

येथे एका ऐतिहासिक योगायोगाचा उल्लेख करावयास हवा. पिठाच्या गिरण्या खेड्यापाड्यांत पोचल्या आणि जाते घरातून मागच्या पडवीत गेले, तो काळ विसाव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उभे राहिले; परंतु तेथवर जाऊन शस्त्रक्रिया करवून जिवंत परतणाऱ्या खेड्यातील बायकांची संख्या त्यानंतरच्या दशकांत हळूहळू वाढली. म्हणजे जी मौखिक परंपरा वांझपण, सवत, वैधव्य, बाळंतपणातील मरण अशा प्रत्येक दुःखाला शब्द देत आली होती, ती मंदावत असताना हे नवे दुःख घरात शिरले. त्याला ओवीत जागा मिळाली नाही, कारण ओवीच थांबत चालली होती.

३

वैधव्याच्या भाषेचा प्रश्न आता अधिक स्पष्टपणे मांडता येईल. सौभाग्याच्या खुणा कोणत्या? कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, केस आणि चोळी. या खुणा काढून घेणे म्हणजे विधवा करणे. मराठी कादंबरीचा आरंभच या काढून घेतलेल्या खुणांच्या वेदनेतून झाला आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ मधील. हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमूचे केशवपन तर मराठी वाचकाच्या मनात कायमचे रुतून बसले आहे. ती कादंबरी 'करमणूक'मधून प्रसिद्ध होऊ लागली त्याच १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांची डोकी भादरणार नाही असा संप पुकारला होता, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने चालणाऱ्या घरांतील रूढी. खानदेशातील बहुसंख्य शेतकरी जातींत ती नव्हती, आणि काही जातींत पाट लावण्याची मोकळीकही होती. तरीही कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे सर्वत्र होते, आणि मुंडण केलेल्या बाईचे चित्र पुस्तकांतून व चित्रपटांतून सर्वांपर्यंत पोचले.

आता कर्करोगाचे उपचार क्रमाने पाहावेत. शस्त्रक्रियेने चोळी जाते. केमोथेरपीतील अनेक औषधांनी केस जातात. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी ते परत येतात, पण तोपर्यंतचे डोके हे पाहणाऱ्याच्या मनात यमूचेच डोके असते. शस्त्रक्रियेत काखेतील लसीकाग्रंथी काढल्या, तर काही स्त्रियांच्या त्या बाजूच्या हाताला पुढे कधीतरी सूज येते. ती महिन्यांनी येते, वर्षांनीही येते, आणि एकदा बळावली की पूर्णपणे जात नाही. सुजलेल्या हातात बांगडी राहत नाही. डॉक्टरही त्या हातात घट्ट काही घालू नये असेच सांगतात. म्हणजे कोणीही मेलेले नसताना, केवळ बरे होण्याच्या प्रक्रियेत, बाईच्या अंगावरून केस, चोळी आणि एका हाताच्या बांगड्या उतरतात. एकेक खूण वेगळी पाहिली तर तिचे वैद्यकीय कारण सांगता येते. पण गावातील नजर खुणा एकेक करून वाचत नाही. तिला सगळ्या खुणा मिळून एकच शब्द दिसतो. आणि तो शब्द सर्वांत आधी त्या बाईलाच दिसतो.

सुजेच्या भयाचे आणखी एक अंग आहे. त्या हाताला जखम, काटा, भाजणे यांपासून जपावे लागते, कारण जंतुसंसर्ग झाला की सूज वाढते. कापूस वेचताना बोंडाच्या सुकलेल्या टोकदार पाकळ्या बोटांना ओरखडे काढतात, आणि कापूस वेचणे हे खानदेशात बायकांचेच काम आहे. केळीच्या पट्ट्यातही ओझ्याची कामे त्यांच्या डोक्या-खांद्यावर असतात. ज्या बाईचे घरातील स्थान तिच्या हातांवर ठरते, तिच्या शरीरप्रतिमेत स्तनाइतकाच, कदाचित त्याहूनही अधिक, हात महत्त्वाचा असतो. शहरी मध्यमवर्गीय स्त्रीला समोर ठेवून तयार झालेल्या मानसशास्त्रीय प्रश्नावल्यांचा भर आकर्षकता, लैंगिक संबंध आणि पोशाख यांवर असतो. ते प्रश्न वावगे नव्हेत. परंतु 'वेचणी किती होते' हा प्रश्न त्यांत नसेल, तर साक्री किंवा चोपडा तालुक्यातील बाईचे निम्मे उत्तर कागदाबाहेरच राहील.

स्तन पूर्णपणे काढावा की केवळ गाठ काढून तो राखावा, हा निर्णयसुद्धा येथे शरीरप्रतिमेपेक्षा अंतरावर ठरण्याचा संभव अधिक. इटलीत व्हेरोनेसी (१९८१) आणि अमेरिकेत फिशर (१९८५) यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी, योग्य निवड केलेल्या रुग्णांत स्तन राखूनही आयुर्मान तेवढेच राहते, हे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅल्स्टेडने रूढ केलेली, छातीचे स्नायूही काढून टाकणारी शस्त्रक्रिया त्यापूर्वीच मागे पडू लागली होती. परंतु स्तन राखला तर त्यानंतर सहसा किरणोपचार घ्यावे लागतात. तो शेक रोजच्या रोज, काही आठवडे, जेथे यंत्र असेल त्या शहरात राहून घ्यावा लागतो. घर, गोठा, पोरे आणि हंगाम सोडून इतके दिवस परगावी राहणे ज्या घराला परवडत नाही, तेथे 'काढूनच टाका' हे उत्तर कोणीही न विचारता येते. शस्त्रक्रियेचा खर्च शासनाच्या जीवनदायी योजनेतून भागू लागला. २०१२ मध्ये ही योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होता. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावे ओळखली जाते. परंतु राहण्याचे दिवस आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब निराळाच राहतो.

सामाजिक आधार हा शब्द आपण सरसकट वापरतो. खानदेशात त्याची रूपे ठाशीव आहेत. आखाजीला लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात, झोके बांधले जातात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देऊन, दागिन्यांनी सजवून तिची स्थापना होते, भाऊबंदकी एकत्र येऊन रोट करते आणि दुसऱ्या दिवशी अहिराणी गाणी म्हणत विसर्जन होते. संक्रांतीचे हळदीकुंकू तर सर्वत्र आहेच. या सर्व प्रसंगी बाई एकटी नसते, आणि आजारी बाईच्या घरी भाकरी पोचवणाऱ्या, तिची पोरे सांभाळणाऱ्या बायकाही याच जाळ्यातील असतात. हे बळ क्षुल्लक मानता येणार नाही. परंतु या जाळ्याच्या मध्यभागी सवाष्ण आहे. जिची ओटी भरावयाची, जिला हळदीकुंकू लावावयाचे, ती खुणांनी भरलेली असावी लागते. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला कोणी 'येऊ नको' म्हणत नाही. ती स्वतःच पदर डोक्यावरून पुढे ओढून मागे बसते, पुढच्या वर्षी येत नाही, आणि न येण्याला कारण म्हणून थकवा सांगते. झोक्यावर बसून दोर धरण्यासाठी हात खांद्यावर न्यावा लागतो, आणि व्यायाम न केल्यास शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा आखडतो, हेही त्या थकव्यात असते. भिंतीवर बोटे चढवीत हात वर नेण्याचा साधा व्यायाम रुग्णालयात शिकवतात. तो रोज कोठे करावयाचा, कोणाच्या देखत, हे मात्र शिकवता येत नाही.

आधार सशर्त असतो, हे महाश्वेता देवींनी 'स्तनदायिनी' या बंगाली कथेत कमालीच्या निष्ठुरपणे दाखवले आहे. हालदारांच्या घरची पोरे अंगावर पाजणारी जशोदा दूध असेपर्यंत देवी असते, आणि स्तनाच्या कर्करोगाने मरताना तिच्यापाशी कोणी नसते. तेथे पान्ह्याचीच किंमत होती. आपल्याकडे खुणांची आहे, एवढा भेद. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड हिने १९८० मधील आपल्या रोजनिशीवजा पुस्तकात कृत्रिम स्तन लावण्याचे नाकारले. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया एकमेकींना दिसल्याच नाहीत तर त्या एकमेकींना ओळखणार कशा, असा तिचा युक्तिवाद होता. तो आपल्या अभ्यासकांना आकर्षक वाटतो, आणि तो थोर आहेच. परंतु खानदेशी बाईचा पदर आणि लॉर्डने नाकारलेली ती लोकरीची गादी यांना एकाच तराजूत घालणे घाईचे ठरेल. पदर सर्वच बायकांचा आहे. तो लपवतो, आणि त्याच वेळी कोणालाही वेगळे पाडत नाही. गाठ लपवणारा पदर जिवाशी येतो. व्रण झाकणारा पदर कधी विसावाही असू शकतो. या दोहोंत फरक करण्याची जबाबदारी समीक्षेवर येते.

लॉर्डचा ओळखीचा मुद्दा मात्र येथेही खरा ठरणारा एक प्रकार आहे. परळला उपचारासाठी जाणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा निवारा देतात. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंच्या आणि रुग्णांच्या नातलगांच्या सोयीसाठी. तेथे ना भाऊबंदकी असते, ना हळदीकुंकू. अशा ठिकाणी एका जिल्ह्याची बाई दुसऱ्या जिल्ह्याच्या बाईला केस केव्हा परत आले, हात कसा जपावा, झंपर कसा शिववावा, हे विचारू शकते, कारण दोघींच्या अंगावर त्याच खुणा नसतात. गावी परतल्यावर हे बोलणे संपते. ज्या आधाराला शब्द होते तो आधार तीनशे मैल मागे राहतो.

४

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० मध्ये असोदे येथे झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या आणि तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरून घेतली, आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. त्यांची भाषा लेवा गणबोली. तिला सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक अद्याप परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आढळते. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि त्यांची कविता पाठ्यपुस्तकांत आली ती बहुधा मनाच्या चंचलतेवरची, सुगरणीच्या खोप्यावरची. वैधव्यानंतरची गाणी त्या मानाने कमी शिकवली जातात, आणि शिकवली तरी करुणरसाचे उदाहरण म्हणून.

ही गाणी काळजीपूर्वक वाचली असता त्यांत करुणेहून वेगळे काही घडताना दिसते. बहिणाबाई खुणांची यादी नाकारत नाहीत. कुंकू गेले, बांगड्या फुटल्या, मंगळसूत्र तुटले, हे त्या एकेक करून मांडतात. म्हणजे समाज ज्या क्रमाने खुणा वाचतो तो क्रम त्या स्वीकारतात. पण प्रत्येक गेलेल्या खुणेखाली त्या एक उरलेली गोष्ट दाखवतात, आणि ती गोष्ट शरीरातच असते. कपाळावरच्या पुसता येणाऱ्या रंगाच्या जागी कातडीत मुरलेल्या गोंदणाकडे त्या बोट दाखवतात. फुटलेल्या काकणांच्या जागी मनगटाची कर्तबगारी येते, आणि त्यासाठी त्या वापरतात तो 'करतूत' हा शब्द कामाचा आहे, सौंदर्याचा नव्हे. तुटलेल्या सराच्या जागी गळ्याशी घेतलेली शपथ राहते. दुसऱ्या एका गाण्यात तर दारी आलेल्या जोशाला हात दाखवण्यासच त्या नकार देतात. आपल्या तळहातावरच्या रेषा वाचण्याचा अधिकार दुसऱ्याला देत नाहीत. खुणा वाचणाऱ्या समाजाच्या हातून त्यांनी वाचनच काढून घेतले आहे.

येथे शरीर सुंदर ठरवण्याचा प्रयत्न नाही. आजच्या प्रबोधनपर लेखनात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला 'तू तरीही सुंदरच आहेस' असे सांगण्याची जी रीत पडली आहे, तिच्याशी ही कविता जुळत नाही. 'तरीही सुंदर' या शब्दांत मोजपट्टी तीच राहते, फक्त सूट मिळते. बहिणाबाई मोजपट्टी हातानेच बदलतात: अंगावर काय आहे याऐवजी अंगाने काय होते. ज्या मुलखात बाईचे स्थान वेचणीने आणि भाकरीने ठरते, तेथील बाईला हे उत्तर परके वाटण्याचे कारण नाही. त्यात एक धोका मात्र आहे, आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुजलेल्या हाताच्या बाईला मनगटातील करतूत हे सांत्वन पुरत नाही. तिचे मनगटच तर दुखावले आहे. बहिणाबाईंच्या घरात प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आलेला एक मुलगा होता, ओंकार. कामावर माणसाची किंमत करणाऱ्या घरात काम न होणारे शरीर कसे राहते, हे त्यांना कवितेबाहेरही ठाऊक होते. त्यांच्या गाण्यांतील कष्टाचा गौरव वाचताना ही पार्श्वभूमी विसरली, की तो गौरव दुसऱ्या एका बाईवर ओझे होऊन बसतो.

त्यांच्या एका गाण्यात सासुरवाशीण आणि योगी यांचा संवाद आहे. माहेराचे कौतुक किती करशील, मग सासरी आलीसच कशाला, असे योगी विचारतो. ती त्याला उत्तर देते की लेकीच्या माहेरासाठीच माय सासरी नांदते. आधाराची ही साखळी बाईकडून बाईकडे जाणारी आहे. तीत कुंकवाची अट नाही. शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या बाईचे अंघोळीचे पाणी काढणारी, व्रण प्रथम पाहणारी, केस गळू लागल्यावर ते अंगणात न टाकता कागदात गुंडाळणारी बहुधा आई, बहीण किंवा लेक असते. तिने पाहिलेले ती बोलत नाही. परंतु तिने पाहिलेले असते, आणि तिच्यापुढे पदर ओढावा लागत नाही. किरणोपचाराच्या वेळी नेम अचूक राहावा म्हणून काही रुग्णालयांत छातीच्या कातडीत बारीक कायमचे ठिपके गोंदतात. गावी आलेल्या बाईला ते कसले, असे विचारले तर गोंदणच म्हणून सांगता येते, आणि विचारणारीला ते समजते.